धाबं ठेवावं की पाडावं? (आमचं कधीच बांधून न होणारं घर)

ढाळज

लग्न होऊन २००४ मध्ये या घरात आले. गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीखालचं पाणीच खारं. तेव्हापासून आमच्या अंगणात रेतीचा ढीग नव्हता असा एक उन्हाळा आठवत नाही. पोरं त्या ढिगावरच लहानाची मोठी झाली.

आधी घराची कुंडली सांगते, नाहीतर प्रश्न कळणार नाही.

मूळ घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, मामाजींच्या (सासऱ्यांच्या) वडिलांनी बांधलेलं. मातीच्या भिंती दोन-सव्वादोन फूट जाड. सागाचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या आणि वर मातीचा थर. समोर ढाळज (दाराजवळची पडवी), मग आंगण, बैठक, माजघर, सैपाकघर, मागे कोठा. पुढे जे काही झालं ते कापसावर झालं. १९७२ ला एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा; चुकारा (कापसाचे पैसे) हप्त्यांनी यायचा, म्हणून घरही हप्त्यांनीच बदललं. एका चुकाऱ्यात सारवलेल्या जमिनीवर शहाबादी फरशी आली. दुसऱ्यात माजघराला सिमेंटचं प्लास्टर. त्यावर आत्याबाईंच्या (सासूबाईंच्या) हौसेनं ऑइल पेंट: खाली चॉकलेटी, वर पिस्ता, मधे बोटभर काळी पट्टी. सरकारी दवाखान्यात असतो ना, तस्सा. १९९६ ला सैपाकघर पाडून तिथे स्लॅब. २०११ ला बैठकीत टाइल्स. आणि २०२२ ला कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला तेव्हा नवऱ्याच्या अंगात आलं. अर्धं माजघर पाडून दोन खोल्या, पीओपीचं छत, छतात निळे लाइट. ते लाइट लावून आम्ही आजवर चारदा बसलो असू.

आता बैठक, ढाळज आणि अर्धं माजघर धाब्याचं, बाकी स्लॅब. धाबं स्लॅबला जिथे टेकतं तिथे दर पावसाळ्यात धार लागते. खाली परात, वर पीओपी फुगलेलं. माजघराचं प्लास्टर पापडासारखं सुटतं, मागे पांढरा लोणा (मिठाचा थर). बैठकीतल्या टाइल्स खचल्यात.

नवरा म्हणतो, कटकट नको, सगळं पाडून एकदाच स्लॅब टाकू. आत्याबाई म्हणतात ढाळजेला हात लावायचा नाही. पण दर दिवाळीला नवा रंग त्यांनाच लागतो. "घराले बी दरसाली नवं लुगडं पायजे," हे त्यांचं वाक्य. यंदा हरभरा बरा झाला, हातात दोन-अडीच लाख आहेत. काय करावं?

मुक्काम पोस्ट पुणे

ताई, कृपा करून पाडू नका! आजोळच्या धाब्यावर चांदण्यात झोपलेलो आहे मी. ती माती, तो वास. आपला वारसा आहे हा. आमच्या फ्लॅटमध्ये एसी लावूनही ती झोप नाही.

पऱ्हाटी

दादा, एक वेळ या जूनमध्ये. रात्री दोन वाजता, विजा कडाडत असताना, टोपलीत माती घेऊन शिडीनं धाब्यावर चढा आणि अंधारात भोक शोधा. खाली बायको ओरडून सांगणार, "तिकडे नाही, अजून इकडे!" मग बोलू वारशाबद्दल.

ताई, मीही सगळं ठेवा म्हणणारा नाही. आमचं धाबं १९९९ ला पाडलं. चूक एकच झाली. सागाचे आठ खांब आणि ढाळजेचा दरवाजा एका भंगारवाल्याला जळतणाच्या भावात दिला. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारशाच्या डेपोतून साग वाजतगाजत गेला तेव्हा आमचे बाबा टीव्हीसमोर बसून एवढंच म्हणाले, "आपला दरवाजा कुठं असंल बे?"

मिस्त्रीचा नातू

माझे आजोबा मातीकाम करायचे, मी टाइल्स बसवतो. दोन्ही बाजूंचं थोडंथोडं कळतं.

प्लास्टर का पडतं ते सांगतो. मातीची भिंत श्वास घेते हे नुसतं बोलायचं नाही. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि वाऱ्याउन्हानं बाहेर पडते. तुम्ही तिला सिमेंट थापलं, वर ऑइल पेंटचा रेनकोट घातला. ओल जाणार कुठे? प्लास्टरच्या मागे साचते. तुमच्याकडचं पाणीच खारं, त्यामुळे ओल सुकली की मागे मीठ उरतं. ते मीठ फुलतं आणि प्लास्टर ढकलून देतं. परत प्लास्टर केलं की परत तेच. आजोबा म्हणत, "माती अन् सिमेट म्हंजे दोन सवती. एका भितीवर नांदत नाहीत."

धाब्याच्या भागातलं सिमेंट सगळं खरवडून काढा. लोणा खराट्यानं कोरडा झाडा. पाण्यानं धुऊ नका, मीठ परत आत जातं. मग मातीचाच गिलावा. पांढरी माती, गव्हांडा (गव्हाचा भुसा) आणि शेण कालवून आठ दिवस कुजू द्या, रोज तुडवा. वास येईल, सहन करा. तो वास आला नाही तर गारा झालाच नाही समजा. वरून चुन्याचा हात. ऑइल पेंट, पुट्टी, वॉलपेपर काहीही नाही.

टिनपत्रा

इतकं कशाला? धाब्यावरून टीन घाला आणि मोकळे व्हा. आम्ही १० वर्षांपूर्वी घातलं. आधी कवेलू (कौलं) होते, पण वांदरांची टोळी आली की एका दुपारी ४० कवेलू फुटायचे. दरसाल मृगाआधी घर फेरायला (कवेलू नीट लावायला) माणूस शोधायचा, तो माणूसही आता मिळत नाही. टिनावर वांदरं नाचली तर फक्त आवाज येतो.

बोंडअळी

ताई, एक विचारू? टाइल्स लांब भेगेनं खचल्यात की गोल?

ढाळज

@बोंडअळी, आत्ता जाऊन बघितलं. गोलच. परातीपेक्षा मोठं वर्तुळ, मधे दोन बोटं खाली. का हो?

बोंडअळी

मग खाली पेव (धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार) असेल. टाइल हळूच ठोकून बघा, आवाज पोकळ येईल. आणि हो, उघडलं तर लगेच कोणाला आत उतरवू नका. जुन्या पेवात हवा दूषित असते, माणूस बेशुद्ध पडतो. एक-दोन दिवस उघडं राहू द्या, कंदील सोडून बघा, विझला तर लांब राहा. मुख्य म्हणजे उतरायची गरजच नाही, वरूनच भरा.

अकोला सिव्हिल

उशिरा आलो, पण मूळ प्रश्न धाबं की स्लॅब हा नाहीच असं मला वाटतं. ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये उत्तर लिहून ठेवलंय: गळतं ते जोडावर.

आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर उभी असलेली प्रत्येक वस्तू दरसाल थोडी वरखाली होते. जुनं धाबं खांबांवर उभं असतं, भिंती नुसत्या आडोशाच्या. खांब थोडा हलला तर लाकूड वाकतं, माती दबते, सगळं आपापसात सांभाळून घेतं. नवी स्लॅबची खोली मात्र कडक. दोघांचा पाया वेगळा, पायाची खोली वेगळी, वजन वेगळं. ती दरसाल आपापल्या तालात हलणार आणि तुम्ही दोघांना मधे सिमेंटनं चिकटवलंय. तिथे भेग पडणारच. कितीही महागाचं वॉटरप्रूफिंग भरा, पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा उघडेल.

उपाय: चिकटवूच नका. जोडाचं सिमेंट फोडून दोन इंचांची फट मोकळी सोडा. वरून गॅल्वनाइज्ड पत्र्याची टोपी घाला. तिचं एक टोक स्लॅबच्या कठड्याला पक्कं, दुसरं धाब्याच्या बाजूला नुसतं झुकलेलं. दोन घरं शेजारी उभी आहेत असं समजा, मधे एक छत्री.

दुसरं, धाब्याचं वजन. दरसाल गळतं म्हणून मेमध्ये चार टोपल्या माती वर टाकायची पद्धत आहे. ५० वर्षं टाकली की थर दीड फुटाचा होतो. लोकांना वाटतं स्लॅब जड, धाबं हलकं. हिशेब करा: एका चौरस फुटावर फूटभर माती म्हणजे ४५ ते ५० किलो. पाच इंची स्लॅब तेवढ्याच जागेवर ३० किलोच्या आसपास. म्हणजे दीड फुटाच्या थरानं १० बाय १० च्या खोलीवर तुमची सातेक टन माती बसलीय, आणि तुळयांची टोकं भिंतीत ओलीनं कुजलेली. टोकं आधी सळईनं टोचून बघा. सळई लोण्यासारखी गेली तर त्या तुळईला खालून लोखंडी चॅनेल आणि स्वतःचा खांब द्या. हे केल्याशिवाय वरची माती काढायलाही माणूस चढवू नका.

तिसरं, सगळं पाडून स्लॅब टाकायचाच असेल तर अडीच लाखांत पायासुद्धा नीट होणार नाही. पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती इतकी खोल आहे की मुरूम लागेपर्यंत खणायचं म्हटलं तर विहीरच होईल. अशा मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत उतरवलेला काँक्रीटचा खांब) विकसित केली आहे, साधारण साडेतीन मीटर खोल जाणारी, खालच्या टोकाला गड्ड्यासारखी फुगवलेली. कोरडी-ओली होणारी माती ओलांडून ती खाली पकड घेते. ती टाकणारा ठेकेदार तालुक्याला मिळेल का, हा प्रश्न आहेच.

आणि पाणी! सगळ्यात मोठी चूक हीच होते. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं काँक्रीट कालवतात, तेच पाणी वरून मारतात. लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नको असं आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) सांगतं. तुमच्या बोअरचं पाणी एकदा तपासा. १९९६ च्या स्लॅबला खालून तांबूस डाग असतील तर आतली सळई गंजतेय.

ढाळज

@अकोला सिव्हिल, सैपाकघराच्या स्लॅबला डाग आहेत. आम्ही त्याला गॅसचा धूर समजून दोनदा रंग दिला.

नमुना आठ

घर कोणाच्या नावावर आहे?

ढाळज

ग्रामपंचायतीत अजून मामाजींच्याच. ते जाऊन सहा वर्षं झाली.

नमुना आठ

मग आधी वारसांची नोंद करा, सिमेंट नंतर. नमुना ८ ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. गावात ड्रोनची मोजणी झाली असेल तर स्वामित्व योजनेतल्या मिळकत पत्रिकेवर नाव कोणाचं आलंय तेही बघा. मृत्युपत्र नसेल तर आत्याबाई, मुलं आणि मुली सगळ्यांचा सारखा हिस्सा. ढाळज पाडायची असेल तर नणंदांनाही विचारावं लागेल. तीन लाख घातल्यावर "आमच्या बापाचं घर न विचारता पाडलं" हे ऐकण्यापेक्षा आधी फोन केलेला बरा.

टिनपत्रा

घरकुल बसत नाही का यांना? सरकारी मदत मिळते.

पऱ्हाटी

दोन स्लॅबच्या खोल्या आणि निळे लाइट असलेल्याला घरकुल कोण देईल भाऊ?

मुक्काम पोस्ट पुणे

निळ्या लाइटांवरून का चिडवताय त्यांना. आमच्याकडे जांभळे आहेत.

ढाळज

अपडेट. मोठी होणार, चहा घेऊन बसा.

बोंडअळींचं ऐकून टाइल ठोकली. मडक्यासारखा आवाज. चुलतसासरे पंच्याऐंशीचे आहेत, त्यांना विचारलं तर शांतपणे म्हणाले, "हाव, तिथं पेव हाय ना. जवारी राहे." इतकी वर्षं घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त टाइल्स बसवणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. चार टाइल्स उचलल्या, शहाबादी काढली, खाली दगडी झाकण, त्याची एक कड तुटलेली. झाकण सरकवलं तर आत काळोख आणि असा कोंदट वास की नवरा दोन पावलं मागे. तोंड अरुंद, माणूस जेमतेम जाईल एवढं, आणि खाली पोट मोठं, सुरईसारखं. दोन दिवस उघडं ठेवलं. टॉर्च मारला तर तळाशी कुजलेला कडबा आणि एक पितळी माप. पायली असावी. ती काढायला पोरगा उतरतो म्हणाला, मी दिली एक ठेवून. शेवटी बांबूला आकडा बांधून काढली.

गावात बातमी अशी फिरली की यांच्या घरात सोनं निघालं. तीन दिवस बघणाऱ्यांचं पेव फुटलं होतं.

मुरूम सातपुड्याच्या पायथ्याकडून आणावा लागला, दोन ट्रॉल्या. थराथरानं टाकून कुटला. तिथे परत टाइल्स बसवल्या नाहीत, जुनीच शहाबादी घातली. पुन्हा खचली तर उचलता येईल.

नणंदांना फोन केले. मोठी म्हणाली ठेवा, धाकटी म्हणाली पाडा, आणि दोघी म्हणाल्या बंगई (झोपाळा) आम्हाला पाहिजे. बंगई एकच आहे. तो विषय दिवाळीवर ढकललाय. वारसांची नोंद झाली.

मग मिस्त्री शोधला. दोघांनी तोंडावर सांगितलं, मातीचं काम आम्ही करत नाही, इज्जत जाते. तिसरा म्हातारा, ऐकू कमी येतं, पण हात सोन्याचा. सळई टोचली: पाच तुळयांपैकी दोनची टोकं गेलेली. त्यांना चॅनेल आणि लोखंडी खांब दिले. मगच धाब्यावरची माती उतरवली. नऊ ट्रॉल्या निघाल्या. नऊ! मधल्या थरात एक काचेची गोटी सापडली, नवऱ्यानं ती ओळखली असं तो म्हणतो. शेवटी पाच-सहा इंच थर ठेवला आणि वर टीन घातलं, पण धाब्यावर टेकवून नाही. स्वतःच्या लोखंडी खांबांवर, दोन-अडीच फूट वर. मधून वारा जातो, त्यामुळे बैठक आधीसारखीच गार आहे. स्लॅबच्या खोल्यांत मात्र दोन कूलर लावूनही मेमध्ये भाकरी भाजते. त्या स्लॅबवर यंदा नुसता चुना मारलाय, थोडा फरक पडला.

जोडावरचं सिमेंट फोडलं. फट सोडली, पत्र्याची टोपी घातली. मिस्त्रीबाबा आधी मानायलाच तयार नव्हते. "फट ठेवाले पैसे कोन देते?" पीओपीची ती बाजू काढून टाकली. निळे लाइट गेले.

माजघराचा गिलावा झाला. वास! शेजारच्यांनी येऊन विचारलं, बैल मेला का. पण आठव्या दिवशी भिंतीला हात लावला आणि मी पाच मिनिटं तिथेच उभी राहिले. ओला गिलावा हातानं ओढलेला, त्यात मिस्त्रीबाबांच्या बोटांच्या रेषा, मधूनमधून गव्हांड्याची सोनेरी काडी चमकते. आत्याबाई खाटेवरून उठून आल्या, भिंतीवर हात फिरवला, म्हणाल्या, "असंच होतं मी आली तवा." आणि लगेच पुढचं वाक्य: "रंग कोनता देतं?"

एकूण खर्च २ लाख २० हजार. सैपाकघराच्या स्लॅबचं काम राहिलं. पुढच्या हरभऱ्यावर.

अकोला सिव्हिल

फोटो बघितले, काम चांगलं झालंय. न्हाणीचं सांडपाणी भिंतीपासून लांब न्या आणि घराभोवती तीन फूट फरशीची पट्टी करा, उतार बाहेरच्या बाजूला. पायाखालची ओल वर्षभर सारखी राहिली की माती कमी हलते. आणि ते सैपाकघर पुढच्या हरभऱ्याची वाट बघणार नाही. खालून पोपडे पडतात का बघा, पडत असतील तर तोवर त्याखाली झोपू नका.

मिस्त्रीचा नातू

मिस्त्रीबाबांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमच्याकडे तीन घरं थांबलीत.

पऱ्हाटी

त्या नऊ ट्रॉल्या मातीचं काय केलं? धाब्याची जुनी माती वावरात टाकतात, पीक चांगलं येतं म्हणतात. आणि पायली पुसूनपासून ठेवा, नणंदांना बंगईच्या बदल्यात चालेल.

ढाळज

माती वावरातच गेली. पायलीवर आधीच धाकटीचा डोळा आहे.

काल रात्री मोठा पाऊस झाला. मी सवयीनं परात घेऊन जोडाखाली उभी. काही नाही. कोरडं. नवरा उठून आला, तोही वर बघत उभा. मग टप्प असा आवाज आला. आम्ही दोघं धावलो. कूलरच्या पाइपसाठी २०२२ ला भिंतीला पाडलेलं भोक, तिथून.

त्या भोकात काय भरू? सिमेंट म्हणू नका.

मिस्त्रीचा नातू

गारा उरलाय ना थोडा? तोच. आतून बाहेर उतार देऊन.